उन्हाळ्यात मागे पडणारे घड्याळ

पूर्णा–अकोला लोहमार्गावर हिंगोली आणि वाशिम यांच्यामध्ये कनेरगाव नाका हे स्थानक लागते. त्याचे रेखांश सुमारे ७७.१ अंश पूर्व आहेत. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची. एका अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने कनेरगावला सूर्य माध्यान्ही येतो तो घड्याळात बारा वाजून गेल्यावर, सरासरीने सुमारे २२ मिनिटांनी. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे हा फरकही स्थिर नसतो. वर्षभरात तो सुमारे ५ ते ३६ मिनिटांच्या दरम्यान सरकत राहतो. शाळेच्या पटांगणात काठी रोवून सावली मोजणाऱ्या विद्यार्थ्यांना याचा पडताळा घेता येईल.

म्हणजे रेल्वेला लागणारी वेळ कनेरगावच्या आकाशातून थेट मिळत नाही. ती बाहेरून आणावी लागते आणि आणल्यावर सांभाळावी लागते. रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत यासाठी एक साधी तरतूद आहे. प्रमुख स्थानकांना रोज १६.०० वाजता प्रमाणवेळेचा संकेत दिला जातो. गाडी सुटण्यापूर्वी गार्डने, म्हणजे २०२२ पासून ज्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात त्याने, आपले घड्याळ स्थानकाच्या घड्याळाशी जुळवून घ्यायचे आणि ती वेळ चालकाला सांगायची. एका संकेतापासून दुसऱ्या दिवशीच्या संकेतापर्यंत जे २४ तास जातात ते मात्र यंत्राच्या भरवशावर. आज हे काम इलेक्ट्रॉनिक घड्याळे सहज करतात. त्याआधी शंभरएक वर्षे ते चावीच्या घड्याळांनी केले. त्यांतली बरीच घड्याळे स्वित्झर्लंडच्या डोंगरातून मुंबईमार्गे आपल्याकडे आली.

स्विस घड्याळ म्हटले की सोने, हिरे आणि डोळे पांढरे करणारी किंमत आठवते. हे वैभव खरे आहे. पण स्विस घड्याळाची कीर्ती त्यावर उभी राहिलेली नाही. ती उभी राहिली उष्णता, घर्षण आणि धक्का या तीन शत्रूंशी झालेल्या दीर्घ झगड्यावर. मराठवाड्यासारख्या हवेत हे तिन्ही शत्रू भरपूर भेटतात.

बर्फातल्या शेतकऱ्यांचा उद्योग

जिनिव्हात १५४१ नंतर कॅल्विन या धर्मसुधारकाच्या प्रभावाखाली दागिन्यांवर कडक निर्बंध आले. सोनारांनी मग आपला हात घड्याळांकडे वळवला, कारण घड्याळ ही उपयोगाची वस्तू होती. फ्रान्समधून धर्मछळामुळे आलेल्या निर्वासित कारागिरांनी त्यांना ही विद्या शिकवली. १६०१ मध्ये जिनिव्हाच्या घड्याळजींचा स्वतंत्र संघ झाला. तेथून हा उद्योग जुरा पर्वतरांगेत पसरला. सुमारे हजार मीटर उंचीवरची ही खेडी हिवाळ्यात कित्येक महिने बर्फाखाली असत आणि शेती बंद पडे. खिडकीशी मेज ओढून शेतकरी कुटुंबे घड्याळाचे सुटे भाग बनवू लागली. कोणी फक्त स्क्रू करी, कोणी फक्त दातेरी चाके, कोणी काटे. एक व्यापारी हे सारे गोळा करून जुळणी करवून घेई. इचलकरंजीत किंवा मालेगावात सूत, विणकाम, रंगाई यांची कामे वेगवेगळ्या हातांत वाटलेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

याच रांगेतल्या ल लोक्ल या गावी १७३७ साली अब्राहम फाव्र या घड्याळजीचे नाव कागदोपत्री आढळते. त्याच्या वंशातल्या फ्रित्झ फाव्रने लूबा घराण्यातल्या मुलीशी लग्न केले आणि देशोदेशी घड्याळे विकत तो १८६५ मध्ये मुंबईला पोचला, असे या पेढीचा इतिहास सांगतो. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी असलेले 'फेवर लुबा' ते हेच फाव्र-लूबा. मुंबई–ठाणे गाडी सुरू होऊन तेव्हा १२ वर्षे झाली होती आणि लोहमार्ग घाटापलीकडे उतरला होता. पुढे १८८०च्या दशकात वेस्ट एंड ही दुसरी स्विस कंपनी मुंबईत आली. तिचे तर बहुतेक गिऱ्हाईक हिंदुस्थान आणि मध्यपूर्वेतच होते. तिच्या एका प्रसिद्ध घड्याळाचे नाव 'सोवार प्रिमा'. त्यातला सोवार म्हणजे आपला घोडेस्वार!

त्या काळी मुंबईत वेळही एक नव्हती. रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले आणि शहर मुंबईच्या स्थानिक वेळेने. दोन्हींत अर्ध्या तासाचे अंतर. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली जुनी वेळ पुढे १९५५ पर्यंत पूर्णपणे सोडली नव्हती. ज्याला गाडी गाठायची त्याला दोन्ही वेळांचा हिशेब ठेवावा लागे. घड्याळाचा धंदा वाढायला याहून चांगली परिस्थिती कोणती?

आत काय चालते

चावी दिल्यावर मुख्य कमान गुंडाळली जाते. उलगडताना ती दातेरी चाकांच्या मालिकेला फिरवू पाहते. तिला मोकळे सोडले तर सारी चाके काही क्षणांत गरगरून थांबतील. म्हणून मालिकेच्या शेवटी एक पहारेकरी असतो. दोन माणके बसवलेली एक लहान तरफ शेवटच्या चाकाचा एक दाता अडवते, सोडते, पुन्हा पुढचा अडवते. आपण ऐकतो ती टिकटिक या अडवाअडवीची. पण केव्हा सोडायचे हे ती तरफ ठरवत नाही. ते ठरवते एक झुलते चक्र, ज्याला घड्याळजी 'बॅलन्स' म्हणतात. त्याच्या आसाला केसासारखी बारीक, चकलीसारखी गुंडाळलेली हेअरस्प्रिंग जोडलेली असते. चक्र एका बाजूला फिरले की स्प्रिंग ताणली जाते आणि त्याला परत आणते. चक्र मधल्या जागी न थांबता पलीकडे जाते आणि पुन्हा परत येते. भिंतीवरच्या घड्याळातल्या लंबकाचे काम गुरुत्वाकर्षणावर चालते, त्यामुळे तो खिशात ठेवता येत नाही. १६७५ मध्ये हायगेन्सने लंबकाच्या जागी चक्र आणि स्प्रिंग यांची जोडी आणली तेव्हा घड्याळ खऱ्या अर्थाने माणसाबरोबर हिंडू लागले. ही कल्पना आपली आहे असे रॉबर्ट हूकचेही म्हणणे होते आणि त्यावरून दोघांत चांगलेच वाजले.

या झोक्याचा आवर्तकाल दोनच गोष्टींवर अवलंबून असतो. चक्र जितके जड आणि त्याचे वजन मध्यापासून जितके दूर, तितका झोका संथ. स्प्रिंग जितकी ताठ, तितका झोका जलद. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना सांगावे की आवर्तकाल जडत्व आघूर्णाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि स्प्रिंगच्या ताठपणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. लंबकाच्या सूत्राशी याची तुलना करून पाहणे उद्बोधक ठरते.

जुन्या मनगटी घड्याळात तासाला १८,००० ठोके पडत. सेकंदाला ५, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. स्वित्झर्लंडमध्ये ज्या यांत्रिक घड्याळाला 'क्रोनोमीटर' हे प्रमाणपत्र मिळते त्याची सरासरी चूक दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे या मर्यादेत असावी लागते. ८६,४०० सेकंदांत ६ सेकंद म्हणजे १४,४०० भागांत १ भाग. साखळीने १४ किलोमीटर ४०० मीटर रस्ता मोजून त्यात एकाच मीटरची चूक होण्याइतके हे काटेकोर आहे. आणि ही साखळी सतत हलणाऱ्या, घामेजलेल्या मनगटावर बांधलेली!

सहा मिनिटे तेहतीस सेकंद

आता उष्णतेकडे वळू. न्यूशातेल भागात जन्मलेला आणि पॅरिसमध्ये नावारूपाला आलेला घड्याळजी फेर्दिनां बेर्तू याने १७७३ मध्ये एक हिशेब मांडला. पितळी चक्र आणि पोलादी हेअरस्प्रिंग असलेल्या घड्याळाचे तापमान ६० अंश फॅरनहाइटने, म्हणजे सुमारे ३३ अंश सेल्सिअसने वाढवले तर ते दिवसाला ३९३ सेकंद मागे पडते. हे ६ मिनिटे ३३ सेकंद झाले. डिसेंबरातली १० अंशांची पहाट आणि मे महिन्यातली ४३ अंशांची दुपार यांत नेमका ३३ अंशांचा फरक आहे. बेर्तूला मराठवाडा ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण गणित आमच्यासाठीच केल्यासारखे वाटते. अर्थात मनगटावरचे घड्याळ अंगाच्या उबेमुळे इतके तापत-गार होत नाही. खुंटीवर टांगलेल्या सदऱ्याच्या खिशातले किंवा पत्र्याखालच्या खोलीतले घड्याळ मात्र होते.

वर्गात विचारावे की ही चूक कशामुळे? बहुतेक मुले 'प्रसरण' असे उत्तर देतील. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. चक्राची त्रिज्या वाढते तितक्याच प्रमाणात आवर्तकाल वाढतो. पितळाचा प्रसरणांक दर अंशाला ०.००००१९ धरला, तर ३३ अंशांना आणि ८६,४०० सेकंदांना गुणून सुमारे ५४ सेकंद येतात. बेर्तूचा आकडा ६२ होता. म्हणजे आपला फळ्यावरचा हिशेब फार लांब गेला नाही. स्प्रिंगची लांबी वाढल्यामुळे १९ सेकंद. मग उरलेले ३१२ सेकंद कुठून आले? ते आले पोलादाची स्थितिस्थापकता घटल्यामुळे. तापलेली स्प्रिंग किंचित मऊ पडते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही, आणि चुकीचा चार-पंचमांश वाटा मात्र तिथेच असतो.

यावर पहिला उपाय झाला तो द्विधातूच्या चक्राचा. चक्राची कड आतून पोलादाची आणि बाहेरून पितळेची करायची आणि दोन ठिकाणी कापायची. उष्णतेने पितळ जास्त वाढते, कडेची मोकळी टोके आत वळतात, वजन मध्याच्या जवळ येते आणि चक्र जलद होते. स्प्रिंगच्या मऊपणाने झालेला तोटा असा भरून निघतो. विजेच्या इस्त्रीत तापमान राखणारी पट्टी याच तत्त्वावर वाकते. पण एका दोषाला दुसऱ्या उलट्या दोषाने तोलण्याचा हा प्रकार दोन ठरावीक तापमानांनाच अचूक बसे. मधल्या तापमानांना थोडी चूक शिल्लक राही.

खरा तोडगा काढला घड्याळजींच्याच घराण्यातल्या एका पदार्थवैज्ञानिकाने. शार्ल एदुआर गियोम हा जुरातल्या फ्लरिए गावचा. पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्थेत काम करताना मीटरची स्वस्त प्रमाणपट्टी कशाची करावी या प्रश्नामागे तो लागला होता. १८९६ मध्ये त्याला आढळले की लोखंडात ३६ टक्के निकेल मिसळले तर ते मिश्रधातू तापवूनही जवळजवळ वाढत नाही. त्याला त्याने 'इन्व्हार' म्हटले. पुढे क्रोमियमची भर घालून त्याने 'एलिन्व्हार' केले. त्याची स्थितिस्थापकताच तापमानाने फारशी बदलत नाही. हेअरस्प्रिंगला हेच हवे होते! या शोधांसाठी गियोमला १९२० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्या वर्षीचे पारितोषिक आइन्स्टाइनचे असल्यामुळे गियोमचे नाव झाकोळून गेले, याची आम्हाला थोडी खंत वाटते. १९३०च्या दशकात 'निव्हारॉक्स' हे आणखी सुधारलेले मिश्रधातू आले आणि कापलेल्या कडेची चक्रे हळूहळू नाहीशी झाली.

घर्षणाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. चक्राच्या आसाचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके बारीक असते. ते धातूच्या भोकात फिरत राहिले तर भोक लांबट होते. म्हणून माणकात भोके पाडून त्यात ही टोके बसवतात. तबकडीवरचे '१७ ज्वेल्स' हे शब्द वाचून घड्याळ विकले तर माणकांचे पैसे वेगळे मिळतील असे समजणारे लोक अजून भेटतात. ती माणके कृत्रिम असतात. व्हर्नय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९०२ मध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड ज्वालेत वितळवून ती करण्याची रीत जाहीर केली. त्यांचे मोल कठीणपणात आणि गुळगुळीतपणात आहे.

धक्क्याचा प्रश्न मनगटी घड्याळांबरोबर तीव्र झाला. घड्याळ पडले की ते बारीक टोक मोडे. १९३०च्या दशकात टोकाखालचे माणिक एका चिमुकल्या स्प्रिंगवर तरंगते ठेवण्याची 'इन्काब्लॉक' ही रचना आली. आदळल्यावर माणिक दबते, आसाचा जाड भाग आघात सोसतो आणि मग सारे जागेवर येते. ही रचना आपल्या 'सोवार प्रिमा'मध्ये १९३४ पासून होती, असे वेस्ट एंड कंपनी अभिमानाने सांगते. घोड्यावरच्या माणसाच्या घड्याळाला ती आवश्यकच होती.

मनगटावरचा वायुभारमापक

फाव्र-लूबाने १९६२ मध्ये काढलेले 'बिव्हुआक' हे घड्याळ शिक्षकांना विशेष आवडावे. त्यात वेळेबरोबर उंची दाखवणारा काटा होता. हवा काढून घेतलेली एक नालीदार धातूची डबी तबकडीखाली बसवलेली असे. वर चढताना हवेचा दाब कमी झाला की डबी फुगते आणि तिची ही बारीकशी हालचाल मोठी करून काट्याला दिली जाते. प्रयोगशाळेतला निर्द्रव वायुभारमापकच तो! समुद्रसपाटीजवळ दर ८ ते ९ मीटरला दाब एक मिलिबारने उतरतो. मुंबईत १०१३ मिलिबार दाब असेल तेव्हा साडेचारशे मीटर उंचीवरच्या हिंगोलीत तो सुमारे ९६० असतो. मात्र दाब हवामानानेही बदलतो. पावसाळ्यापूर्वी कमी दाबाचा पट्टा आला की असे घड्याळ मेजावर पडल्या पडल्या डोंगर चढू लागेल. गिर्यारोहक म्हणूनच उंची ठाऊक असलेल्या जागी काटा पुन्हा जुळवून घेतात. १९६८ मध्ये याच पेढीने पाण्याखालची खोली दाखवणारे 'बॅथी' काढले.

त्यानंतर वर्षभरातच वारे फिरले. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइकोने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या २ चा १५ वा घात आहे. तिला १५ वेळा निम्मे केले की बरोबर एक सेकंद हाती येतो. महिन्याला १५ सेकंदांची चूक म्हणजे त्याच्या दृष्टीने सामान्य गोष्ट. उत्तम यांत्रिक घड्याळालाही ते जमत नाही. स्विस घड्याळ उद्योगात १९७० मध्ये सुमारे ९० हजार माणसे होती, ती १९८०च्या दशकात तीस हजारांच्या आसपास आली. फाव्र-लूबा कुटुंबाच्या हातून गेली. पुढे २०११ मध्ये आपल्या टायटनने हे नाव विकत घेतले आणि २०२३ पासून ते एथॉस या भारतीय कंपनीच्या समूहाकडे आहे. मुंबईत येऊन घड्याळे विकणाऱ्याचे नाव अखेर भारतीय मालकीचे व्हावे, हा योगायोग मजेदार खराच.

आपल्याकडे सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये एचएमटीचा घड्याळ कारखाना बंगळूरला उभा राहिला होता. २०१६ मध्ये सरकारने तो व्यवसाय गुंडाळण्याचा निर्णय घेतला. स्वित्झर्लंडमध्ये मात्र यांत्रिक घड्याळ मेले नाही. ते अचूकतेची शर्यत हरले आणि कारागिरी म्हणून जगले. ल लोक्ल आणि शेजारचे ला शो-द-फों ही गावे २००९ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. २०२० मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधल्या यांत्रिक घड्याळ-विद्येची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली.

आपल्या वारशाची अशी नोंद कोणी केलेली नाही. परदेशी संग्राहकांच्या बोलीत 'मुंबई स्पेशल' असा एक तुच्छतेचा शब्द आहे. जुन्या फेवर लुबा किंवा वेस्ट एंडची तबकडी पुन्हा रंगवायची, तीन घड्याळांचे भाग एकात बसवायचे आणि 'अस्सल जुने' म्हणून विकायचे, याला ते नाव. फसवणूक ती फसवणूकच. पण हा शब्द वापरणाऱ्यांनी दुसरी बाजू लक्षात घेतलेली नसते. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि सुटे भाग मिळणे कठीण झाले, तेव्हा तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ टपरीत बसणाऱ्या घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून, एका मेलेल्या घड्याळाचा आस दुसऱ्याला जोडून, गार्डांची, तलाठ्यांची आणि मास्तरांची घड्याळे चालू ठेवली. मिसळलेले भाग हा त्या दुरुस्तीचा प्रामाणिक पुरावा आहे. तो लपवला की खोटेपणा सुरू होतो. अशा घड्याळजींच्या टपऱ्या आता विजेरी बदलून देण्यापुरत्या उरल्या आहेत. स्विस शाळांत घड्याळ-विद्येची पदविका मिळते. आपल्याकडे बापाकडून मुलाकडे जायची ती विद्या मुलगा मोबाइल दुरुस्तीकडे वळला की तिथेच थांबते.

वर्गासाठी यातून एक उपक्रम करता येईल. विद्यार्थ्यांना घरातले बंद नसलेले चावीचे घड्याळ, मग ते गजराचे का असेना, आणायला सांगावे. गावातल्या घड्याळजींनाही शाळेत बोलवावे आणि मागचे झाकण त्यांनाच उघडू द्यावे. चक्रावरच्या पुलाशी एक बारीक दांडी आणि रोमन लिपीतली 'ए' व 'आर' ही अक्षरे दिसली तर ती फ्रेंच शब्दांची आहेत: पहिले घड्याळ पुढे नेण्यासाठी, दुसरे मागे आणण्यासाठी. दांडी सरकली की स्प्रिंगचा कार्यकारी भाग लहान किंवा मोठा होतो. चक्राची कड दोन ठिकाणी कापलेली आणि दोन रंगांची असेल, तर स्प्रिंग बहुधा पोलादी समजावी. त्याजवळ होकायंत्र किंवा ध्वनिवर्धकाचे चुंबक नेऊ नये. पोलादी स्प्रिंगचे वेढे चुंबकत्वाने एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावत सुटते. कड अखंड आणि एकाच रंगाची असेल तर स्प्रिंग बहुधा गियोमच्या मिश्रधातूंच्या वंशातली. मग वहीत चार रकाने आखावेत: तारीख, खोलीचे तापमान, मोबाइलच्या वेळेशी फरक आणि आदल्या दिवसापासून पडलेली भर किंवा घट. रोज एकाच वेळी चावी द्यावी, घड्याळ एकाच बाजूवर ठेवावे आणि नोंद १६.०० वाजता करावी. डिसेंबरचे दहा दिवस आणि एप्रिलचे दहा दिवस पुरेत. दर अंशाला दिवसाकाठी दहा-बारा सेकंदांची घट निघाली तर हातात बेर्तूच्या काळातले घड्याळ आहे. एका सेकंदाच्या आत राहिली तर गियोमनंतरचे.